तारे नसलेला गीझर

६ नोव्हेंबर २०११, रविवार

आज गेटवर पाटी लागली. ‘अलकनंदा लेडीज पीजी’. पेंटरने ‘अलकनंदा’चं ‘अलखनंदा’ केलं होतं, ते उभं राहून दुरुस्त करून घेतलं. फोनवर उल्हास हसला. म्हणाला, “इतकी वर्षं गाझियाबादमध्ये राहून शेवटी तुझं नाव पाटीवर आलं.”

वरचा मजला आमच्या पुष्करसाठी बांधला होता. तो इंजिनियरिंगला चेन्नईला गेला आणि त्याच वर्षी कंपनीने उल्हासला रुद्रपूरच्या प्लांटवर पाठवलं. वसुंधरा कॉलनीतल्या या घरात मी, एक मोठा फ्रिज आणि संध्याकाळ. नणंद अरुणा म्हणाली, भजनी मंडळात ये. मी म्हटलं, मला काम हवंय.

चार मुली आल्या आहेत. रसिका लातूरची. नोएडाच्या कंपनीत सॉफ्टवेअर तपासते, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका शोधण्याचा पगार घेते. वैभवी सिन्नरची. कॉल सेंटरला रात्रपाळी, सकाळी आठच्या सुमाराला घरी येते. आणि नागपूरच्या दोघी बहिणी, त्या एका बँकेत लागल्यात. वर दोन खोल्या, एक बाथरूम. मराठी जेवण मिळतं म्हणून आल्या. “काकू, वरणभात!” असं म्हणत पहिल्या दिवशी अक्षरशः तुटून पडल्या.

मी हे नीट चालवणार आहे. लोकांना वाटतंय ही दोन महिन्यांत कंटाळेल.

१९ नोव्हेंबर, शनिवार

थंडी आली आणि भांडणं आली.

सकाळी नेमकी आंघोळीच्या वेळेला वीज जाते. इन्व्हर्टरवर दिवे-पंखे चालतात, गीझर नाही. तो जुना गीझर म्हणजे बिल्डरने लावलेला पत्र्याचा डबा. वीज असताना बटण दाबून विसरलं तर दिवसभर तापत बसतो, आणि वीज गेली की तासाभरात पाणी कोमट. रसिका आणि नागपूरकर आधी न्हाऊन जातात. वैभवी कामावरून येते तोवर वीज गेलेली असते. मग ही गॅसवर पातेलं ठेवते, बादली जिन्यावरून वर नेते. काल जिन्यात सांडलं, पाय भाजता भाजता वाचला.

दिल्लीत, लक्ष्मीबाई नगरला अरुणाच्या सरकारी क्वार्टरमध्ये कधी वीजच जात नाही. तिला फोनवर हे सांगितलं तर म्हणते, “अगं, मग इकडे ये ना आंघोळीला.” इथून लक्ष्मीबाई नगर! डोक्यावर टॉवेल बांधून मेट्रोने!

नागपूरची धाकटी आज हळूच म्हणाली, इंदिरापुरममध्ये एक पीजी आहे, तिथे चोवीस तास गरम पाणी असतं. मला समजायचं ते समजलं.

२२ नोव्हेंबर, मंगळवार

गीझरच्या दुकानात गेले. फ्रिजवर आणि एसीवर असतात तसे तारे आता काही गीझरवरही येऊ लागलेत. एकावर तीन, एकावर पाच. दुकानदाराला विचारलं, फरक काय? तो म्हणाला, “मैडम, जितने ज़्यादा स्टार, उतना बढ़िया.” बढ़िया म्हणजे काय? पाणी लवकर तापतं? “बिल्कुल!” लेबलवर खाली बारीक अक्षरांत काही आकडा होता. चष्मा घरी राहिला होता.

पण वीजच नसेल तर पाच तारे काय कामाचे? मी हे विचारताच त्याने मला मागच्या बाजूला नेलं. गॅसचा गीझर. भिंतीवर मावेल एवढा, चपटा. सिलिंडर जोडायचा, नळ उघडला की आपोआप पेटतो, लगेच गरम पाणी. वीज लागत नाही. मी विचारलं, “इस पर स्टार क्यों नहीं हैं?”

“स्टार तो बिजली वालों के लिए होते हैं मैडम. इसमें बिजली ही नहीं लगती.”

बरोबरच आहे. ज्याला वीजच लागत नाही त्याला तारे कशाला? हाच घेते.

२६ नोव्हेंबर, शनिवार

गीझर लागला. आतच, बाथरूममध्ये, नळाच्या वर. बसवणारा म्हणाला, “खिड़की खुली रखना.” खिडकी म्हणजे वरचा झरोखा, वहीच्या पानाएवढा.

नळ उघडला आणि फुस्स करून निळी ज्योत. हाताला चटका बसेल असं पाणी! मुली दारात उभ्या राहून टाळ्या वाजवत होत्या. वैभवी आज वीज नसताना न्हाली. बाहेर आली तेव्हा चेहरा असा खुलला होता की मला पुष्करची आठवण आली, लहानपणी न्हाऊन आलेल्या.

नागपूरची धाकटी इंदिरापुरमचं नाव काढत नाही आता.

११ डिसेंबर, रविवार

धुकं. समोरची गल्ली दिसत नाही. मुली म्हणतात, “काकू, पाणी गरम आहे, पण झरोख्यातून असला वारा येतो की साबण लावताना दात वाजतात.” मग आज फ्रिजच्या खोक्यातला थर्माकोल मापाने कापला, झरोख्यात घट्ट बसवला, कडेने चिकटपट्टी लावली. काम सफाईदार झालं. दरवाजाच्या खालच्या फटीला जुनी चादर गुंडाळून ठेवली. आता बाथरूम कसं उबदार झालंय!

रसिकाने विचारलं, “काकू, तो माणूस खिडकी उघडी ठेवा म्हणाला होता ना?” मी म्हटलं, तो नोव्हेंबर होता.

१७ डिसेंबर, शनिवार

रसिकाचं डोकं रोज दुखतंय. दिवसभर त्या स्क्रीनपुढे बसायचं, दुसरं काय होणार? चष्म्याचा नंबर तपासून घे म्हटलं. सुट्टीच्या दिवशी पण दुखतं म्हणाली. म्हटलं, सुट्टीत फोनवर असतेस.

वैभवीचं वेगळंच. आंघोळीला गेली की बाहेर येतच नाही. आत नळ चालू आणि ही आत. मी दोनदा दार वाजवलं. “आले काकू, आले.” बाहेर आली तर डोळे लाल. साबण गेला म्हणाली. रोज कसा साबण जातो? एवढी मोठी मुलगी, तोंड धुता येत नाही का? कामावरून आली की कुणाशी बोलत नाही, खोलीत बाकीच्या आवरत असतात, ही सरळ बाथरूममध्ये. सिन्नरहून आईचा फोन आला की गच्चीत जाते आणि मोठ्याने हसून बोलते. माझ्याशी मात्र शब्द नाही. स्वभाव एकेकाचा.

सिलिंडर मात्र भराभर संपतोय. मुलींना सांगितलं, भराभर आटपायचं.

२४ डिसेंबर, शनिवार

नागपूरच्या थोरलीला सकाळी उलटी झाली, चक्कर आली. न्हाऊन आली आणि जिन्यातच बसली. काल बाहेर छोले भटुरे खाल्लेत, मला माहीत आहे. जिरे-ओव्याचं पाणी दिलं. दुपारपर्यंत ठणठणीत. दोघी संध्याकाळच्या गाडीने पंधरा दिवसांच्या रजेवर घरी गेल्या.

गीझर मात्र छान चाललाय. ज्योत हल्ली निळी नाही, पिवळसर दिसते, समईसारखी. डोळ्यांना बरी वाटते.

४ जानेवारी २०१२, बुधवार

काल लिहिता आलं नाही. आज लिहिते. लिहिलं नाही तर मी स्वतःशीच खोटं बोलायला लागेन.

काल सकाळी वैभवी कामावरून आली, चहाही न घेता बाथरूममध्ये गेली. वीज नव्हती. मी खाली पोहे करत होते. वरून नळाचा आवाज येतच राहिला. मला राग आला. वर गेले आणि दार वाजवलं. “वैभवी, आटप.” उत्तर नाही. जोरात वाजवलं. रागाने म्हटलं, “हे काय चाललंय?” नळ चालूच.

रसिका खोलीत वेणी घालत होती. ती आली, माझ्याकडे पाहिलं आणि काही न बोलता दारावर खांदा मारला. दुसऱ्या धक्क्याला बिल्डरने लावलेली अॅल्युमिनियमची कडी निघाली. त्या कडीला मी किती नावं ठेवली होती.

वैभवी फरशीवर. पाणी तिच्या अंगावर पडत होतं आणि वर ज्योत जळत होती. रसिका ओरडली, “काकू, श्वास रोखून धरा!” तिने सिलिंडर बंद केला. आम्ही दोघींनी वैभवीला ओढत गच्चीत आणलं, रजईत गुंडाळलं. तिचे गाल गुलाबी होते. मला वाटलं, बरी दिसतेय. देवा, मला तसं वाटलं.

शेजारच्या सरदारजींनी गाडी काढली. दवाखान्यात डॉक्टरांनी तिचं नाव विचारण्याआधी विचारलं, “बाथरूम में गैस गीज़र है?”

मी हो म्हटलं.

“खिड़की?”

उत्तर रसिकाने दिलं. “बंद थी.”

डॉक्टर म्हणाले, बंद जागेत गॅस नीट जळत नाही, त्यातून एक विषारी वायू होतो, त्याला वास नाही, रंग नाही. माणसाला वाटतं झोप येतेय, आणि गाल गुलाबी दिसतात तेही त्याच विषाने. डोकं दुखणं, मळमळणं ही आधीची लक्षणं. “किसी और को हुआ था?”

रसिकाचं डोकं. नागपूरच्या थोरलीची उलटी. छोले भटुरे म्हणाले होते मी.

वैभवीला ऑक्सिजन लावलाय. दुपारी तिने डोळे उघडले. मला ओळखलं. पहिले शब्द काय, तर “काकू, सॉरी, उशीर झाला.”

घरी आल्यावर थर्माकोल हातांनी उचकटला. नखाखाली अजून चिकटपट्टी आहे.

६ जानेवारी, शुक्रवार

वैभवीची आई आली. हेमलताताई. सिन्नरला अंगणवाडीत शिकवतात, वडील नाहीत. रात्रीच्या गाडीने एकट्या आल्या, खांद्याला एक पिशवी. मी दवाखान्याच्या दारात उभी होते. काय बोलायचं ते रस्ताभर ठरवलं होतं. एवढंच म्हणाले, “चूक माझी आहे.”

त्यांनी मला नखशिखांत पाहिलं. म्हणाल्या, “दवाखान्याने कळवल्यावर पोलिसांनी मला फोनवर विचारलं, तक्रार करायची का. मी म्हटलं, आत्ता मला मुलीला घरी न्यायचंय.” आणि आत गेल्या.

डॉक्टर म्हणतात, वेळेवर आणली, मेंदूला धक्का नाही, पण महिनाभर विश्रांती. उद्या जाणार. वैभवीची ट्रंक भरताना उशीखाली चुरगळलेले रुमाल सापडले. रसिका म्हणाली, “काकू, ती रडायची. खोलीत आम्ही सगळ्या, गच्चीत शेजारचे. बाथरूममध्येच एकटी असायची ती. रात्रभर इंग्रजीत शिव्या खायच्या फोनवर, आणि आईला सांगायचं सगळं मस्त आहे.”

आणि मी दार वाजवत होते.

८ जानेवारी, रविवार

उल्हास रुद्रपूरहून आला. रागावला नाही, तेच जास्त लागलं. म्हणाला, “अलका, बस झालं. पाटी काढू. नशीब म्हण, मुलगी वाचली.” नागपूरच्या दोघींच्या वडिलांचा फोन आला, त्या आता तिकडेच बदली मागणार. सामान कुरियरने पाठवा म्हणाले.

रसिका तेवढी राहिली. मी विचारलं, तू का नाही जात? ती म्हणाली, “तुम्ही काय करता ते बघायचंय.”

उल्हासला मी म्हटलं, पाटी काढली तर मला बरं वाटेल. म्हणूनच काढायची नाही. त्याला ते पटलं नाही. पण गीझर भिंतीवरून उतरवायला शिडी त्यानेच धरली.

१० जानेवारी, मंगळवार

चष्मा घेऊन दुकानात गेले. रसिका रजा टाकून बरोबर आली.

दुकानदार म्हणाला, “अरे मैडम, बाहर बालकनी में लगवा लेतीं.” मी विचारलं, मला घेताना हे का नाही सांगितलं? “आपने पूछा नहीं.” मी मोठ्याने, दुकानात होते तेवढ्या गिऱ्हाइकांना ऐकू जाईल असं सांगितलं, माझ्या घरी काय झालं ते. एक बाई हातातलं खोकं ठेवून निघून गेली. दुकानदाराचा चेहरा पडला. पडू दे.

मग विजेच्या गीझरचं लेबल वाचलं. सगळं, बारीक अक्षरांसकट. तारे म्हणजे पाणी किती लवकर तापतं ते नव्हेच! लवकर तापणं हे वॅटवर असतं. वीज पाण्यात गेली की तिची उष्णताच होते, त्यात एका गीझरने दुसऱ्यावर कुरघोडी करण्यासारखं फारसं काही नाही. फरक पुढे आहे. पाणी तापवून तसंच ठेवलं, कुणी नळ उघडलाच नाही, तर ते गरम राखायला चोवीस तासांत किती युनिट जातात, तो खालचा आकडा. टाकीच्या अंगातून जेवढी ऊब गळते तेवढी वीज फुकट. आकडा लहान तेवढे तारे जास्त. टाकीच्या भोवती फोमचं जाड अस्तर असतं, त्याचा हा सगळा खेळ.

दुकानातच उभी राहून मी रसिकाला म्हटलं, म्हणजे सगळे एकाच वेळी न्हाऊन मोकळे होतात आणि बटण बंद करतात, त्या घरात ताऱ्यांनी फार फरक पडणार नाही. पण आपल्याकडे कुणी सहाला, कुणी आठला, कुणी दुपारी. आपलं पाणी दिवसभर वाट बघतं.

“आणि वीज गेली तर?” तिने विचारलं.

ऊब गळत नसेल तर वीज असताना तापलेलं पाणी वीज गेल्यावरही गरमच राहणार! मला गॅसची गरज नव्हतीच कधी. मला फक्त गळका डबा बदलायचा होता. पाच तारेवाला तिथेच होता, नोव्हेंबरमध्ये मी त्याला हातसुद्धा लावला होता.

हेही लिहून ठेवते.

१३ जानेवारी, शुक्रवार

काल नवा गीझर लागला. मोठ्या टाकीचा, पाच ताऱ्यांचा. इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घेतलं, वायर जाड घातली. इथलं पाणी क्षाराचं, आत थर साचतो आणि वीज जास्त खातो, म्हणून दरवर्षी टाकी उघडून साफ करायची असं तो म्हणाला. कॅलेंडरवर लिहून ठेवलं. तापमानाचं बटण मधे ठेवलं. उगीच उकळायचं आणि मग निम्मी बादली गार पाणी मिसळायचं, यात काय शहाणपण?

झरोख्याला जाळी आणि हवा बाहेर फेकणारा छोटा पंखा. निघालेली कडी टाकून दिली, बाहेरूनही उघडता येईल असं कुलूप लावलं. आज सकाळी सातला वीज गेली, दहाला आली नव्हती तेव्हा मी वर जाऊन न्हाले. पाणी गरम. रसिका दहा दिवसांत पहिल्यांदा हसली. तिचं डोकं दुखायचं थांबलंय.

२१ जानेवारी, शनिवार

आमच्या सेक्टरमध्ये किती पीजी आहेत आणि किती घरी गॅसचा गीझर आत बसवलाय, ते विचारत फिरतेय. दुपारी जेवणं झाली की निघते. रसिकाने हिंदीत एक कागद छापून दिला, पण लोक कागद घेतात आणि वाचत नाहीत. म्हणून तोंडाने सांगते. पहिल्या घरी “आमच्याकडे मुलगी मरता मरता वाचली” हे म्हणताना आवाज फुटेना. आता फुटतो.

एका बाईंनी दार तोंडावर लावलं. एक गृहस्थ म्हणाले, “आपका पीजी खाली हो गया तो अब हमारा खाली करवाओगी?” कोपऱ्यावरच्या बाईंनी मात्र मला हाताला धरून आत नेलं आणि दाखवलं. बाथरूमला खिडकीच नव्हती. त्यांच्या सासूबाईंना महिनाभर चक्कर येत होती, डॉक्टर रक्तदाबाच्या गोळ्या बदलत होते. आम्ही दोघींनी मिळून तिथेच सिलिंडर बंद केला.

परत येताना त्या गृहस्थांच्या घरावरून पुन्हा गेले. बेल वाजवली. उद्याही वाजवणार.

२९ जानेवारी, रविवार

सिन्नरला दर रविवारी फोन करते. हेमलताताई “बरी आहे” एवढंच सांगतात आणि ठेवतात. आज फोन वैभवीने घेतला. म्हणाली, “काकू, मला परत यायचंय. इथे काही काम नाही. कंपनीत दिवसपाळी मागितली, देतो म्हणालेत. पण आई नाही म्हणते.”

मी म्हटलं, आईचं ऐक.

१२ फेब्रुवारी, रविवार

आज सकाळी बेल वाजली. दारात वैभवी आणि हेमलताताई. आधी कळवलं नव्हतं. वैभवी बारीक झालीय, पण रंग परत आलाय. रसिकाने तिला जी मिठी मारली ती सुटेचना.

हेमलताताई बसल्या नाहीत. म्हणाल्या, “मला ते बाथरूम बघायचंय.”

वर नेलं. त्यांनी भिंतीवर हात फिरवला, जुन्या गीझरच्या खिळ्यांची भोकं होती तिथे. पंखा लावून बघितला, पण तो फिरेना. वीज नव्हती, आणि तो इन्व्हर्टरवर जोडलेला नाही. झरोख्याच्या जाळीजवळ तळहात धरून वारा येतो का ते पाहिलं. कुलूप आतून लावलं, मला बाहेरून उघडायला सांगितलं. पुन्हा एकदा. मग म्हणाल्या, “टॉवेल द्या. मी गाडीतून आलेय, आंघोळ व्हायचीय.”

“आई, वीज नाहीये,” वैभवी म्हणाली.

“तेच बघते.”

दार लागलं. आम्ही तिघी बाहेर. बादलीत पाणी पडल्याचा आवाज आला. मग थांबला. मला राहवेना. “हेमलताताई?”

“आहे.”

तांब्याचा आवाज. पुन्हा शांत. वैभवीने माझा दंड धरला, तिची बोटं रुतली. मी म्हटलं, “ताई?”

“अहो, आहे! केस धुतेय.”

रसिका हसली आणि लगेच रडली. खूप वेळ गेला. बाई सावकाश न्हात होती, प्रत्येक तांब्या जोखून घेतल्यासारखा. मी भिंतीला टेकून उभी होते.

बाहेर आल्या तेव्हा केस मोकळे, ओले, कपाळ कोरडं. कुंकू पुसलेलं ते कपाळ इतके दिवस मी नीट पाहिलंच नव्हतं. माझ्याकडे न बघता मुलीला म्हणाल्या, “पाणी चांगलं आहे. जा, तू पण न्हाऊन घे.”

वैभवी क्षणभर उंबऱ्यावर थांबली. मग आत गेली. दार लागलं.

मी खुर्ची आणली, हेमलताताई बाथरूमच्या दारासमोरच बसल्या. त्यांचे केस टपटपत होते. आतून पाण्याचा आवाज येत राहिला. त्या ऐकत होत्या. मीही.

“दिवसपाळीला ही किती वाजता निघेल?” त्यांनी विचारलं.

“साडेआठला गाडी येते कंपनीची.”

“मग डब्यात पोळी द्या. भात थंड झाला की खात नाही ती, टाकून देते आणि मला सांगत नाही.”

“पोळी देईन,” मी म्हटलं.

“किती?”

“भूक असेल तितक्या.”

त्यांनी मान हलवली. मी खाली आले आणि कणीक भिजवायला घेतली.